डासजन्य विषाणूंच्या साथीत प्रयोगशाळेचे काम: नमुना, चाचणी आणि निष्कर्ष

जुलै २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात बेलसर या गावी तापाचे रुग्ण वाढले. नमुन्यांच्या तपासणीत चिकुनगुनिया आढळला, डेंग्यूही आढळला, आणि महिन्याच्या अखेरीस महाराष्ट्रातील झिकाचा पहिला रुग्ण याच गावातून नोंदला गेला. त्या रुग्णाला झिकाबरोबर चिकुनगुनियाचाही संसर्ग झालेला होता. साथीचे कारण चिकुनगुनिया आहे असे ठरवून तपासणी तिथेच थांबवली असती, तर झिका कोणाच्या लक्षातही आला नसता. एडिस इजिप्ती हा एकच डास डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिका या तिन्ही विषाणूंचा वाहक असल्यामुळे साथ सुरू झाल्यावर ‘कोणता विषाणू’ एवढेच विचारून चालत नाही. ‘कोणकोणते विषाणू’ असे विचारावे लागते.

जिल्हा रुग्णालये, वैद्यकीय महाविद्यालये आणि विषाणू संशोधन व निदान प्रयोगशाळांच्या जाळ्यात काम करणाऱ्या तंत्रज्ञांना व सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना या प्रश्नाचे उत्तर टप्प्याटप्प्याने कसे शोधावे हे कळावे, यासाठी हा लेख आहे. रुग्णाचे उपचार हा या लेखाचा विषय नाही.

आधी आजाराचा दिवस

नमुन्याबरोबर येणाऱ्या अर्जावर सर्वांत महत्त्वाची नोंद ताप सुरू झाल्याच्या तारखेची असते, आणि हाच रकाना बहुधा रिकामा असतो किंवा त्यात ‘चार दिवसांपासून ताप’ असे लिहिलेले असते. हे चार दिवस रुग्ण दवाखान्यात आला तेव्हाचे, रक्त काढले तेव्हाचे की अर्ज भरला तेव्हाचे, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. म्हणून दिवसांची संख्या न लिहिता ताप सुरू झाल्याची तारीख आणि रक्त घेतल्याची तारीख अशा दोन स्वतंत्र तारखा मागाव्यात. तारीख नसलेला नमुना नाकारू नये, पण प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा आशा कार्यकर्तीला दूरध्वनी करून ती मिळवावी. त्या दूरध्वनीला पाच मिनिटे लागतात, आणि तो केला नाही तर चुकीच्या चाचणीत अख्खा संच वाया जातो.

या तारखेवर पुढचे सगळे अवलंबून आहे. डेंग्यूमध्ये पहिले साधारण पाच दिवस विषाणूचा आरएनए (त्याचा जनुकीय पदार्थ) आणि एनएस१ हे प्रतिजन (विषाणूचे प्रथिन) रक्तात सापडते, तर आयजीएम प्रतिपिंडे (संसर्गानंतर शरीर प्रथम तयार करते ती संरक्षक प्रथिने) पाचव्या दिवसाच्या आसपास दिसू लागतात आणि दोन ते तीन महिने टिकू शकतात. त्यामुळे देशातील राष्ट्रीय कार्यक्रमात पाचव्या दिवसापर्यंत एनएस१ एलायझा (रंग येण्यावरून प्रतिजन किंवा प्रतिपिंड ओळखणारी चाचणी) आणि त्यानंतर आयजीएम पकड एलायझा, म्हणजे मॅक-एलायझा, अशी विभागणी केलेली आहे. चिकुनगुनियाचा विषाणू पहिल्या आठवड्यात रक्तात मोठ्या प्रमाणावर असतो, म्हणून या काळात आरटी-पीसीआर (विषाणूच्या आरएनएच्या प्रती वाढवून तो शोधणारी चाचणी) उत्तम चालते, आणि आयजीएम पहिल्या आठवड्याच्या अखेरीस विश्वासार्हपणे मिळते. झिकाचे प्रमाण रक्तात कमी असते आणि ते लवकर ओसरते, पण लघवीत तो अधिक काळ, साधारण दोन आठवड्यांपर्यंत, सापडू शकतो. म्हणून झिकाचा संशय असेल तेव्हा सीरमबरोबर, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवाबरोबर, लघवीचा नमुना मागितलाच पाहिजे. जपानी मेंदूज्वरात मात्र रुग्ण रुग्णालयात पोहोचेपर्यंत रक्तातील विषाणू बहुधा नाहीसा झालेला असतो. तिथे पीसीआर नकारात्मक आली तरी तिच्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यातील, म्हणजे सीएसएफमधील, आयजीएम हाच तिथे निदानाचा मुख्य आधार असतो. केवळ सीरममधील आयजीएम लसीकरणामुळेही दिसू शकते, म्हणून लस कधी घेतली हेही अर्जावर असावे.

नमुना घेणे, राखणे, पाठवणे

प्रतिपिंडांच्या आणि एनएस१ च्या चाचण्यांसाठी साध्या किंवा जेल असलेल्या नळीत तीन ते पाच मिलिलीटर रक्त पुरते. पीसीआरसाठी सीरम किंवा जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीतील प्लाझ्मा चालतो. हेपारिन असलेली नळी टाळावी, कारण हेपारिनमुळे पीसीआरची अभिक्रिया दबली जाते आणि नमुन्यात विषाणू असूनही उत्तर नकारात्मक येऊ शकते.

रक्त गोठल्यावर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून सीरम वेगळे करावे आणि मगच थंड ठेवावे. अखंड रक्त गोठवू नये, कारण पेशी फुटून हिमोग्लोबिन बाहेर पडते आणि पीसीआर व एलायझा दोन्ही बिघडतात. एकदोन दिवसांत चाचणी होणार असेल तर सीरम २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे. अधिक काळ लागणार असेल आणि पीसीआर किंवा विषाणूची वाढ करायची असेल तर ते उणे ७० अंशांवर किंवा त्याहून खाली ठेवावे. केवळ प्रतिपिंडे शोधायची असतील तर उणे २० अंशही चालते. प्रत्येक नमुन्याचे सुरुवातीलाच दोन-तीन लहान भाग करावेत, म्हणजे एकच कुपी वारंवार वितळवावी लागत नाही. विषाणूचा आरएनए नाजूक असतो आणि प्रत्येक गोठण-वितळणीत त्याचा काही भाग नष्ट होतो. माझ्या मते खेड्यापाड्यांतून येणाऱ्या नमुन्यांत पीसीआर नकारात्मक येण्याचे मोठे कारण रोग नसणे हे नसते. शीतसाखळी कुठेतरी तुटलेली असते, आणि तिची नोंद कोणीही ठेवलेली नसते. पेटीत तापमानाची नोंद ठेवणारे साधन असावे आणि पेटी उघडणाऱ्याने पहिले वाचन लिहून ठेवावे.

पाठवताना तीन थरांची बांधणी करावी: गळती न होणारी कुपी, तिच्याभोवती शोषक कापूस व दुसरा बंद डबा, आणि बाहेर कडक पेटी. विमानाने पाठवायचे असल्यास जैविक पदार्थांच्या ‘ब’ वर्गाची यूएन ३३७३ ही खूण लावावी लागते. शुष्क बर्फ वापरला असेल तर पेटी हवाबंद करू नये, कारण कार्बन डायऑक्साइड वायू साचून ती फुटू शकते.

पहिली चाळणी

तापाची साथ म्हणजे डासजन्य विषाणूची साथ असे गृहीत धरू नये. हिवतापाची रक्तपट्टी किंवा जलद चाचणी प्रत्येक तापाच्या रुग्णात आधी करावी. कोकणात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस, तर अनेक भागांत स्क्रब टायफस हे डेंग्यूसारखेच दिसतात, आणि दोन्हींवर प्रतिजैविके उपलब्ध असल्यामुळे ते निसटणे रुग्णाला महागात पडते. सिंधुदुर्गातील दोडामार्ग आणि गोव्यातील सत्तरी या पट्ट्यात हिवाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्यापर्यंत ताप आला तर गोचिडीमुळे होणाऱ्या माकडतापाची आठवण ठेवावी. तोही डेंग्यू व झिकाच्याच फ्लेव्हिव्हायरस गटातला आहे. मुलांमध्ये ताप, झटके आणि काही तासांत बेशुद्धी असे चित्र असेल तर चांदीपुरा विषाणूचाही विचार करावा. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या ज्या गावातील रुग्णांत तो सापडला, त्या गावाचे नाव त्याला मिळाले. तो मुख्यतः डासांनी पसरत नाही. वालुमाशी पसरवते. पण प्रयोगशाळेच्या टेबलावर तो मेंदूज्वराच्या त्याच नमुन्यांतून येतो.

पट्टीवरच्या जलद डेंग्यू चाचण्या खासगी दवाखान्यांत सर्रास वापरल्या जातात. त्यांचा उपयोग गावपातळीवर धोक्याची सूचना मिळण्यापुरता मानावा. शासकीय नोंदीत पुष्टी झालेला रुग्ण धरायचा असेल तर एलायझा किंवा पीसीआर हवी.

आरएनए वेगळा करणे आणि आरटी-पीसीआर

साथीच्या सुरुवातीला ताप येऊन पाच दिवसांच्या आत घेतलेले दहा-पंधरा चांगले नमुने निवडावेत. ते एकाच घरातले नसावेत. वेगवेगळ्या वस्त्यांतले आणि वयोगटांतले असावेत. या मोजक्या नमुन्यांवर मोठे जाळे टाकावे: डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिका या तिघांसाठी एकत्रित पीसीआर, आणि परिस्थितीनुसार इतर विषाणू. शंभर नमुन्यांवर एकच चाचणी करण्यापेक्षा पंधरा नमुन्यांवर सगळ्या चाचण्या करणे साथीच्या पहिल्या आठवड्यात अधिक उपयोगी ठरते.

आरएनए वेगळा करताना जैवसुरक्षा कक्षात काम करावे. नेहमीच्या सिलिका-स्तंभ किटमध्ये १४० मायक्रोलीटर सीरम विषाणू निष्प्रभ करणाऱ्या द्रावणात मिसळले जाते, इथेनॉल घातले जाते, स्तंभावर आरएनए बांधला जातो, दोन वेळा धुतला जातो आणि शेवटी साधारण ६० मायक्रोलीटर द्रावणात उतरवून घेतला जातो. प्रत्येक तुकडीत एक ज्ञात सकारात्मक आणि एक ज्ञात नकारात्मक नमुना अगदी पहिल्या पायरीपासून चालवावा. अनेक ठिकाणी हे ज्ञात नमुने, म्हणजे नियंत्रण, थेट पीसीआरच्या टप्प्यावर घातले जाते, पण त्यामुळे आरएनए वेगळा करतानाची चूक किंवा दूषितीकरण उघड होत नाही. याखेरीज माणसाच्या प्रत्येक नमुन्यात असायलाच हव्या अशा मानवी आरनेझ पी जनुकाची चाचणी प्रत्येक नमुन्यात करावी. ती नकारात्मक आली तर नमुना खराब आहे किंवा आरएनए मिळालाच नाही असे समजावे, आणि ‘विषाणू आढळला नाही’ असा अहवाल देऊ नये.

विषाणूंचा जनुकसंच आरएनएचा असल्यामुळे प्रथम सुमारे ५० अंशांवर त्याची डीएनए प्रत तयार केली जाते आणि मग ४० ते ४५ फेऱ्यांत ती वाढवली जाते. रिअल-टाइम यंत्रावर चमकणारी खूण ज्या फेरीत ठरलेली रेषा ओलांडते तिला सीटी म्हणतात. सीटी जितका कमी, तितका विषाणू अधिक. मर्यादा किटच्या पत्रकात दिलेलीच वापरावी. पण ३५ च्या पुढचा सकारात्मक निकाल आला की आलेख स्वतः डोळ्यांनी पाहावा, आणि आरएनए पुन्हा नव्याने वेगळा करून चाचणी करावी. यंत्राने छापलेल्या ‘सकारात्मक’ या शब्दावर एकट्यावर विसंबू नये.

डेंग्यूचे चार प्रकार ओळखण्याची जुनी आणि स्वस्त पद्धत म्हणजे १९९२ मध्ये लान्सिओटी आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेली नेस्टेड, म्हणजे एकामागून एक दोन फेऱ्यांची, पीसीआर. पहिल्या फेरीत कॅप्सिड आणि प्रीमेम्ब्रेन जनुकांचा ५११ बेस जोड्यांचा तुकडा मिळतो. दुसऱ्या फेरीत प्रकारानुसार वेगळ्या लांबीचे तुकडे अगारोजच्या जेलवर दिसतात: पहिल्या प्रकाराचा ४८२, दुसऱ्याचा ११९, तिसऱ्याचा २९० आणि चौथ्याचा ३९२. ही पद्धत शिकवायला उत्तम आहे, पण पहिल्या फेरीनंतर नळी उघडावी लागते आणि कोट्यवधी प्रती असलेले थेंब खोलीत पसरण्याचा धोका असतो. म्हणून अभिकर्मक मिसळण्याची, आरएनए घालण्याची आणि वाढवलेला डीएनए हाताळण्याची जागा वेगवेगळी हवी. माणसांची व सामानाची ये-जा एकाच दिशेने व्हावी, आणि तिसऱ्या खोलीतला कोट पहिल्या खोलीत येऊ नये. रिअल-टाइम पद्धतीत नळी बंदच राहते, त्यामुळे साथीच्या गर्दीत तीच वापरावी.

प्रतिपिंडे: सोपी चाचणी, अवघड अर्थ

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने तयार केलेले मॅक-एलायझाचे किट देशभरातील सेंटिनल, म्हणजे साथींवर नजर ठेवण्यासाठी निवडलेल्या, रुग्णालयांना पुरवले जातात. चाचणीचे तत्त्व सरळ आहे. प्लेटच्या खाचांना मानवी आयजीएम पकडणारी प्रतिपिंडे लावलेली असतात. ती रुग्णाच्या सीरममधील सर्व आयजीएम पकडून ठेवतात. मग विषाणूचे प्रतिजन घातले की त्या विषाणूविरुद्धचे आयजीएम असेल तरच ते चिकटते. शेवटी विकराशी जोडलेल्या प्रतिपिंडामुळे रंग येतो आणि आम्ल घालून अभिक्रिया थांबवल्यावर तो ४५० नॅनोमीटरवर मोजला जातो. बिघाड बहुधा धुण्याच्या पायरीत होतो. खाचा पूर्ण भरून, ठरलेल्या वेळा धुवाव्यात आणि शेवटी प्लेट टिपकागदावर आपटून कोरडी करावी, नाहीतर सगळ्याच खाचांत रंग दिसतो. नियंत्रण मूल्ये पत्रकातील मर्यादेत नसतील तर संपूर्ण प्लेट रद्द करावी. हवे ते निकाल ठेवून बाकीचे फेटाळू नयेत.

अडचण उरते ती अर्थाची. डेंग्यू, झिका, जपानी मेंदूज्वर, वेस्ट नाइल आणि माकडताप हे सगळे फ्लेव्हिव्हायरस एकमेकांशी इतके मिळतेजुळते आहेत की एकाविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्याच्या चाचणीतही चिकटतात. १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशन आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या सहकार्याने पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले, आणि त्या दशकातील सर्वेक्षणात काही भारतीयांच्या सीरममध्ये झिकाला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे आढळली होती. त्यावरून झिका तेव्हाच इथे होता असा निष्कर्ष काढताना संशोधक सावध राहतात, त्याचे कारण हेच साधर्म्य आहे. ज्या शहरात निम्म्याहून अधिक प्रौढांना कधी ना कधी डेंग्यू होऊन गेला आहे, तिथे केवळ झिका आयजीएम सकारात्मक आहे म्हणून एखाद्या गरोदर स्त्रीला झिकाचे निदान सांगणे मला गैर वाटते. जून २०२४ पासून पुणे शहरात झिकाचे रुग्ण आढळले तेव्हा निदानाचा भर आरटी-पीसीआरवर होता, आणि तो योग्यच होता. चिकुनगुनिया हा अल्फाव्हायरस या वेगळ्या गटातला असल्याने त्याचा या गोंधळाशी फारसा संबंध येत नाही. मात्र त्याचे आयजीएम अनेक रुग्णांत काही महिने टिकते, म्हणून सकारात्मक निकाल म्हणजे आजचाच आजार असे म्हणता येत नाही.

दुसऱ्यांदा डेंग्यू झालेल्यांत आणखी एक पेच असतो. जुनी स्मृती जागी होऊन आयजीजी, म्हणजे दीर्घकाळ टिकणारी प्रतिपिंडे, झपाट्याने वाढते, आयजीएम मात्र मंद असते किंवा दिसतच नाही, आणि एनएस१ प्रतिपिंडांत अडकल्यामुळे त्याची चाचणीही कमी संवेदनशील ठरते. अशा रुग्णात पाचव्या-सहाव्या दिवशी एनएस१ आणि आयजीएम दोन्ही नकारात्मक आले तरी डेंग्यू नाही असे लिहू नये. दहा ते चौदा दिवसांनी दुसरा नमुना घ्यावा. दोन्ही नमुने एकाच प्लेटवर शेजारी ठेवून तपासावेत, आणि आयजीजीची पातळी चौपट किंवा अधिक वाढली असेल तर अलीकडचा संसर्ग मानावा.

एवढ्यावरही उलगडा झाला नाही तर प्लाक निष्प्रभीकरण चाचणी, म्हणजे पीआरएनटी, करावी लागते. सीरमची दुपटीने पातळ होत जाणारी द्रावणे ठरावीक प्रमाणातील जिवंत विषाणूत मिसळून ३७ अंशांवर तासभर ठेवतात, व्हेरो (माकडाच्या मूत्रपिंडापासून तयार केलेल्या) पेशींच्या थरावर ओततात, वर घट्ट द्रव पसरवतात आणि काही दिवसांनी पेशी मेल्याने पडलेली भोके मोजतात. भोके ९० टक्क्यांनी कमी करणारे सीरमचे सर्वांत पातळ द्रावण कोणते, यावरून त्या विषाणूविरुद्धची टायटर (प्रतिपिंडांची पातळी) ठरते. एका विषाणूविरुद्धची टायटर दुसऱ्याच्या किमान चौपट असेल तर उत्तर स्पष्ट होते. नसेल तर ‘फ्लेव्हिव्हायरसचा संसर्ग, नेमका प्रकार अनिश्चित’ असा प्रामाणिक शेरा द्यावा. ही चाचणी जिवंत विषाणू, प्रशिक्षित माणसे आणि वेळ मागते, म्हणून जिल्हा पातळीवर तिचा आग्रह धरू नये. नमुना वरच्या संस्थेकडे पाठवावा.

विषाणू वाढवणे आणि त्याचा क्रम वाचणे

निदानासाठी विषाणूची वाढ करण्याची गरज आता उरलेली नाही. पण नवा प्रकार आला असेल, लस किंवा औषधाच्या अभ्यासासाठी मूळ विषाणू जपायचा असेल, तर पर्याय नाही. यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या सी६/३६ या डासांच्या पेशी पुण्यात १९६७ मध्ये के. आर. पी. सिंग यांनी एडिस अल्बोपिक्टसच्या अळ्यांपासून तयार केलेल्या पेशीमालिकेतून निवडलेल्या आहेत. त्या २८ अंशांवर वाढतात. डेंग्यूचा विषाणू त्यांत वाढूनही पेशी निरोगी दिसू शकतात, म्हणून आठवडाभराने प्रतिदीप्त प्रतिपिंडांनी किंवा पीसीआरने खात्री करावी. विषाणू वाढवण्यासाठी संबंधित विषाणूला लागू असलेल्या पातळीची जैवसुरक्षा प्रयोगशाळा आणि संस्थेच्या समितीची परवानगी हवी. साध्या प्रयोगशाळेत हा प्रयत्न करूच नये.

जनुकक्रम वाचण्यासाठी कमी सीटी असलेले, शक्यतो ३० च्या आतले, नमुने निवडावेत. क्रमातून काय कळते याचे उत्तम उदाहरण चिकुनगुनियाचे आहे. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत साथ आली तेव्हाचा विषाणू आशियाई जनुकप्रकाराचा होता. त्यानंतर तीन दशके देशात मोठी साथ नव्हती, आणि २००५-०६ मध्ये जो विषाणू परतला तो पूर्व-मध्य-दक्षिण आफ्रिकी प्रकाराचा निघाला. पुढे २००७ मध्ये केरळमधील विषाणूत ई१ प्रथिनाच्या २२६ व्या जागी अलानिन या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन आढळले. या एका बदलामुळे विषाणू एडिस अल्बोपिक्टस या बागांत व रबराच्या मळ्यांत वाढणाऱ्या डासात सहज रुजतो. म्हणजे प्रयोगशाळेच्या एका ओळीमुळे फवारणी आणि डासोत्पत्तीची शोधमोहीम घराबाहेर वळवावी लागते.

डासांची तपासणी

कीटकशास्त्रज्ञांनी पकडलेले डास थंड पृष्ठभागावर ठेवून जातीनुसार वेगळे करावेत. एडिस इजिप्तीच्या छातीवर पांढरी वीणेसारखी खूण असते, तर अल्बोपिक्टसच्या छातीवर मधोमध एकच पांढरी रेघ. रक्त न प्यालेल्या मादा निवडाव्यात, कारण पोटातील रक्तात माणसाचाच विषाणू असू शकतो आणि डास वाहक असल्याचे त्याने सिद्ध होत नाही. एका जातीच्या, एका ठिकाणच्या पन्नासपर्यंत मादांचा एक गट करून तो वाटावा आणि पीसीआर करावी. सकारात्मक गटांची संख्या भागिले तपासलेले एकूण डास, गुणिले हजार, हा किमान संसर्ग दर. मेंदूज्वराच्या भागात एडिसऐवजी भातशेतीतील क्युलेक विश्नुई गटाचे डास गोळा करावेत.

अहवाल

अहवालात चाचणीचे नाव, नमुन्याचा प्रकार, आजाराचा दिवस आणि निकाल एकत्र असावेत. ‘डेंग्यू नकारात्मक’ असे न लिहिता ‘आजाराच्या तिसऱ्या दिवशीच्या सीरममध्ये एनएस१ एलायझा नकारात्मक; लक्षणे कायम राहिल्यास सहाव्या दिवसानंतर आयजीएमसाठी दुसरा नमुना पाठवावा’ असे लिहिले की डॉक्टरांना पुढे काय करायचे ते कळते. पुष्टी झालेले रुग्ण त्याच दिवशी एकात्मिक आरोग्य माहिती मंचावर, म्हणजे आयएचआयपीवर, नोंदवावेत आणि जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांना दूरध्वनीने कळवावेत, कारण त्या घराभोवतीच्या भांड्यांतील पाणी ओतून देण्याला उशीर होऊन चालत नाही.

विषाणू एकदा निश्चित झाला की त्याच वस्तीतील प्रत्येक तापाच्या रुग्णाचा नमुना तपासण्याची गरज राहत नाही. गंभीर रुग्ण, गरोदर स्त्रिया, मृत्यू आणि नव्या वस्तीतील पहिले रुग्ण यांचे नमुने घेत राहावे. त्याशिवाय दर आठवड्याला पहिल्या पाच दिवसांतील काही नमुने पुन्हा तिन्ही विषाणूंच्या एकत्रित पीसीआरवर चालवावेत, म्हणजे साथीच्या मध्यावर दुसरा विषाणू शिरला तर तो वेळेत दिसेल.